‘डायरेक्ट’चा आकडा पुन्हा फुगला? रेफरर कुठे गळतो ते असं शोधा

‘आमच्या साइटवर डायरेक्ट ट्रॅफिक एकदम वाढलंय. लोक आता नाव टाइप करून येतात वाटतं!’ छोट्या मराठी साइट सांभाळणाऱ्यांकडून हे वाक्य दर काही महिन्यांनी ऐकू येतं. गणपतीत येतं, दिवाळीत येतं, एखादा लेख गाजला की हमखास येतं. सांगणाऱ्याला आनंद झालेला असतो, म्हणून खरं सांगणं जिवावर येतं. पण गूगल ॲनालिटिक्सच्या, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या साधनाच्या, रिपोर्टमधल्या ‘डायरेक्ट’चा अर्थ एवढाच की हा माणूस कुठून आला ते कळलं नाही. तो रकाना कोराच असतो, गूगलने त्याला बरं दिसणारं नाव दिलंय इतकंच.

रकाना कोरा का राहतो ते एकदा नीट समजलं की पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे. ते न समजता रिपोर्टच्या सेटिंग्जमध्ये खाटखूट करत बसलं, तर पुढच्या सणाला पुन्हा तोच फुगवटा.

आधी मुळाशी काय घडतं ते पाहू. तुम्ही एखाद्या पानावरच्या लिंकवर क्लिक करता तेव्हा ब्राउझर पुढच्या साइटकडे पान मागतो. त्या मागणीसोबत तो काही ओळी पाठवतो, आणि त्यातली एक असते रेफररची, म्हणजे ‘मी अमुक पत्त्यावरून आलो’. लग्नाच्या दारात उभ्या असलेल्याने ‘कुणाकडून आलात?’ विचारावं, पाहुण्याने सांगितलं तर सांगितलं, नाहीतर हसून आत गेला, तसाच हा प्रकार. सांगणं सक्तीचं नाही, आणि खोटं सांगितलं तर पकडायची सोयही नाही. १९९६ साली एचटीटीपी १.० चा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांचा, दस्तऐवज निघाला तेव्हापासून ही ओळ त्यात आहे आणि तेव्हापासून ती ऐच्छिकच आहे. तिचं स्पेलिंग त्या दस्तऐवजात चुकलं ते आजतागायत तसंच आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीच्या नोंदवहीत, ती मधल्या एकाच ‘आर’ने शोधावी लागते, तर नंतर आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’त (रेफरर किती सांगायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) दोन ‘आर’ आहेत. कॉन्फिगरेशन लिहिताना यात बरेच जण अडकतात.

दुसरी गोष्ट, पूर्वी संपूर्ण पत्ता यायचा, आता बहुधा फक्त डोमेन येतं. क्रोमने ऑगस्ट २०२० मध्ये, ८५व्या आवृत्तीपासून, हे धोरण पूर्वनिर्धारित केलं आणि फायरफॉक्सने मार्च २०२१ मध्ये, ८७व्या आवृत्तीपासून. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जाताना फक्त मूळ डोमेन सांगायचं, त्याच साइटच्या आत फिरताना पूर्ण पत्ता सांगायचा, आणि एचटीटीपीएसवरून साध्या एचटीटीपीवर जाताना काहीच सांगायचं नाही, असं ते धोरण आहे. त्यामुळे ‘त्या पोर्टलच्या नेमक्या कुठल्या बातमीतून लोक आले?’ याचं उत्तर आता रेफररमध्ये सापडत नाही. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

हा बदल उगाच झाला नाही. पूर्ण पत्त्यात काय काय जाऊ शकतं ते २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यविम्याच्या साइटवर दिसलं. वय, पिनकोड, उत्पन्न, गरोदर आहे का, ही भरलेली माहिती पत्त्यातच होती आणि रेफररसोबत ती जाहिरात-ट्रॅकिंगवाल्या बाहेरच्या कंपन्यांकडे जात होती. आपल्याकडेही पासवर्ड बदलायच्या लिंकमध्ये टोकन ठेवणाऱ्या साइट आहेतच. तेव्हा ब्राउझरने हात आखडता घेतला ते बरंच झालं.

आधी एक तपासणी

जीए ४ (गूगल ॲनालिटिक्सची सध्याची आवृत्ती) मध्ये ‘ट्रॅफिक ॲक्विझिशन’चा रिपोर्ट उघडा, ‘सेशन सोर्स / मीडियम’ निवडा, फक्त डायरेक्टची ओळ ठेवा आणि शेजारी लँडिंग पेजचा रकाना जोडा. आता ही माणसं कुठल्या पानावर उतरली ते पाहा. मुखपृष्ठावर उतरली असतील तर नाव टाइप करून किंवा बुकमार्कवरून आली असण्याची शक्यता धरता येते. पण रिपोर्टमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसत असेल, म्हणजे मराठी शीर्षकाचा लेख असेल, तर तो पत्ता कोणीही हाताने टाइप केलेला नाही. आतल्या पानांवरचं डायरेक्ट म्हणजे जवळजवळ नेहमी हरवलेला रेफरर.

मग सर्व्हरचा लॉग उघडा. होस्टिंगला सीपॅनेल हा नियंत्रण-फलक असेल तर ‘रॉ ॲक्सेस’मधून फाइल उतरवून घेता येते. व्हीपीएस, म्हणजे स्वतः सांभाळायचा भाड्याचा सर्व्हर, असेल तर एनजिनएक्स किंवा अपाचीचा ॲक्सेस लॉग पाहा. ‘कम्बाइन्ड’ पद्धतीच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी अवतरणचिन्हांत दोन गोष्टी असतात, आधी रेफरर आणि त्यानंतर ब्राउझरची ओळख. रेफरर आला नसेल तर तिथे अवतरणात नुसती आडवी रेघ असते. आता स्वतःच्याच लेखाची लिंक स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा, मोबाइलवर उघडा, लॉगची शेवटची ओळ पाहा. आडवी रेघ. तीच लिंक फेसबुकवर टाकून तिथून उघडा. या वेळी एलएम.फेसबुक.कॉम किंवा एम.फेसबुक.कॉम दिसेल. ही तुलना डोळ्यांनी एकदा पाहिली की ॲनालिटिक्सचं अर्धं गूढ संपतं, म्हणून ती वाचून सोडू नका, करून पाहा.

लॉगमध्ये रेफरर आहे, पण ॲनालिटिक्समध्ये डायरेक्ट दिसतंय, असं असेल तर गळती तुमच्याच घरात आहे. बहुतेक वेळा त्या लँडिंग पेजवर ॲनालिटिक्सचा टॅग, म्हणजे भेट मोजणारा कोडचा तुकडा, नसतोच. नवीन थीम टाकली आणि एका टेम्प्लेटमधून टॅग उडाला, किंवा वेगळं लँडिंग पेज दुसऱ्या कोणाकडून बनवून घेतलं. माणूस तिथे उतरतो, मोजला जात नाही, तिथून क्लिक करून टॅग असलेल्या पानावर येतो आणि तेव्हा रेफररमध्ये तुमचंच डोमेन असतं. जीए ४ स्वतःच्या डोमेनला रेफरल (दुसऱ्या साइटवरून आलेली भेट) मानत नाही, म्हणून तो डायरेक्टच्या खात्यात जमा होतो.

व्हॉट्सॲपचं काय करायचं

मराठी साइटच्या बाबतीत सगळ्यात मोठं भोक हेच आहे. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, गावाचा ग्रुप, आणि आत्याने लेकीला अमेरिकेत पाठवलेली लिंक, सगळं ॲपमधून ब्राउझरमध्ये उडी मारतं. मागे वेबपान नसतं, त्यामुळे सांगायला पत्ताही नसतो. टेलिग्राम, एसएमएस, मोबाइलवरचं ईमेल ॲप, पीडीएफमधली लिंक, दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर कोड, बहुतेकांची तीच गत. याला ब्राउझरमध्ये किंवा ॲनालिटिक्समध्ये कुठलंही सेटिंग नाही. यूट्यूबवर कोणी ‘एक प्लगइन टाका, व्हॉट्सॲप ट्रॅफिक दिसेल’ म्हणत असेल तर ते प्लगइन रेफरर परत आणत नाही, लिंकला शेपूट जोडतं.

आणि शेपूट जोडणं हाच उपाय आहे. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन यूटीएमची नावं-मूल्यं जोडायची. सोर्समध्ये व्हॉट्सॲप, मीडियममध्ये सोशल, कॅम्पेनमध्ये दिवाळीअंक वगैरे. ही पद्धत अर्चिन नावाच्या जुन्या ॲनालिटिक्स सॉफ्टवेअरची. २००५ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि ‘यू’ तेवढा नावात उरला. रेफरर आला काय न आला काय, पत्त्यातच माहिती असल्यामुळे ती पोचते. सफारीने २०२३ मध्ये, १७व्या आवृत्तीपासून, खासगी ब्राउझिंगमध्ये फेसबुक-गूगलचे क्लिक-क्रमांक पत्त्यातून काढायला सुरुवात केली. यूटीएमला मात्र हात लावलेला नाही, कारण त्यावरून व्यक्ती ओळखता येत नाही.

मूल्यं रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांतच लिहा. मोठं-छोटं अक्षर बदललं की रिपोर्टमध्ये वेगळी ओळ पडते आणि एकाच व्हॉट्सॲपचे तीन व्हॉट्सॲप होतात. देवनागरीत लिहिलं तर चालतं, पण ‘दिवाळी’ हा एवढासा शब्द पत्त्यात कोडबद्ध होऊन ५४ चिन्हांचा होतो. द, वेलांटी, व, काना, ळ, वेलांटी अशी सहा चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट आणि दर बाइटला टक्क्यासह तीन अक्षरं. असली लिंक ग्रुपवर टाकली की वाचणाऱ्याला ती फसवणुकीची वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही.

मीडियमच्या जागी स्वतःच्या मनाचा शब्दही टाकू नका. ‘ग्रुप’ किंवा ‘फॉरवर्ड’ लिहिलंत तर जीए ४ ला तो चॅनेल ओळखता येईलच असं नाही, आणि नाही आला तर आकडा ‘अनअसाइन्ड’मध्ये जाऊन बसतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

खरी मेख मात्र शेअरच्या बटणात आहे. वाचक तुमच्याकडची शेपूटवाली लिंक थोडीच शोधत बसणार? लेखाखालच्या व्हॉट्सॲप बटणात ती लिंक आधीच भरून ठेवा. जो ॲड्रेस बारमधून कॉपी करेल तो हातातून सुटला, तो सुटू द्या. उलटी बाजूही लक्षात असू द्या. व्हॉट्सॲपची शेपूट असलेली लिंक कोणी फेसबुकवर चिकटवली तर तिथून येणारेही व्हॉट्सॲपच्याच नावावर पडतील. ही पद्धत साधारण अंदाज देते, जमाखर्चाचा हिशेब नव्हे.

एक कडक नियम म्हणजे स्वतःच्या साइटच्या आतल्या लिंकना यूटीएम लावू नका. मुखपृष्ठावरच्या बॅनरला ‘सोर्स मुखपृष्ठ’ असं लावणारे बरेच आहेत. माणूस आला गूगलवरून, बॅनरवर क्लिक केलं, आणि पुढच्या खरेदीचं श्रेय तुमच्याच मुखपृष्ठाला.

विक्री सगळी पेमेंट गेटवेमुळे होते म्हणे

दुसरी वारंवार येणारी तक्रार ही. मसाले, पुस्तकं, साड्या विकणाऱ्या साइटवर रेफरलच्या यादीत पहिल्या नंबरला पेमेंट गेटवेचं डोमेन, त्याखाली एखाद्या बँकेचं. जाहिरातीवर पैसे घातले फेसबुकवर आणि विक्री दाखवतोय गेटवे.

ग्राहकाचा प्रवास डोळ्यासमोर आणा. कार्टमधून तो गेटवेच्या पानावर जातो, तिथून बँकेच्या ओटीपीच्या पानावर, परत गेटवेवर आणि मग तुमच्या ‘धन्यवाद’ पानावर. या शेवटच्या उडीत ब्राउझर इमानदारीने सांगतो की मी गेटवेवरून आलो. जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये, जे १ जुलै २०२३ ला बंद व्हायला लागलं, असा नवा सोर्स आला की सेशनच, म्हणजे सलग भेटच, नवं सुरू व्हायचं. जीए ४ मध्ये सेशन तुटत नाही, पण खरेदीच्या श्रेयात गेटवे घुसतो. ओटीपी यायला उशीर झाला, माणूस चहा घेऊन आला आणि अर्धा तास उलटला, तर सेशनही संपलेलं असतं आणि नवं सेशन गेटवेच्या नावावर उघडतं.

उपाय जीए ४ च्या ॲडमिनमध्ये आहे. डेटा स्ट्रीम, तिथे टॅग सेटिंग्ज, ‘शो ऑल’ आणि मग ‘लिस्ट अनवाँटेड रेफरल्स’. इथे गेटवेचं डोमेन टाका. बँकांची डोमेन्स मात्र आठवून टाकू नका, रिपोर्टमध्ये जी प्रत्यक्ष दिसतात तेवढीच. हा बदल पुढच्या आकड्यांना लागू होतो, मागचा महिना दुरुस्त होत नाही. तेव्हा दिवाळीच्या जाहिराती सुरू व्हायच्या आधी हे करून ठेवा.

तुमचं दुकान वेगळ्या डोमेनवर आणि लेख वेगळ्या डोमेनवर असतील, तर ही यादी हा उपाय नाही. तिथे क्रॉस-डोमेनची जोडणी करावी लागते. ती केली की एका डोमेनवरून दुसऱ्यावर जाताना पत्त्यात एक छोटा ओळख-क्रमांक जातो आणि माणूस एकच मोजला जातो.

या यादीचा गैरवापरही भरपूर पाहायला मिळतो. कचरा रेफरल दिसले की लोक तेही इथे टाकतात. त्यामुळे ते नाहीसे होत नाहीत. त्यांचं नाव पुसलं जातं आणि आकडा डायरेक्टमध्ये मिसळतो, म्हणजे जो फुगवटा कमी करायला निघालो तोच वाढवला.

लिंक देणाऱ्याकडची गळती

एखाद्या साइटने तुमचा लेख जोडलाय, तिथून लोक येताहेत हे नक्की माहीत आहे, तरी रेफरल शून्य. अशा वेळी त्यांच्या पानावर उजवं क्लिक, ‘इन्स्पेक्ट’, आणि तुमच्या लिंकच्या ‘रेल’ या गुणधर्मात काय लिहिलंय ते पाहा. ‘नोरेफरर’ असेल तर प्रश्न मिटला. वर्डप्रेसचा संपादक कैक वर्षं ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ निवडलं की हा शब्द आपोआप घालत असे, त्यामुळे लिंक देणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. ‘नोओपनर’ तेवढा राहू द्या आणि ‘नोरेफरर’ काढा, असं कळवलं तर बहुतेक जण काढतात.

मधल्या रिडायरेक्टचंही, म्हणजे एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्यावर पाठवण्याचंही, पाहून घ्या. सर्व्हरवरून केलेला ३०१ किंवा ३०२ रिडायरेक्ट मूळ रेफरर जपतो, म्हणून लिंक छोटी करणाऱ्या सेवांचं नाव सहसा रिपोर्टमध्ये दिसत नाही. पण ‘कृपया थांबा, आपल्याला पुढच्या पानावर नेत आहोत’ असं पान दाखवून स्क्रिप्टने उडी मारली, तर ते मधलं पानच रेफरर होतं. आणि काही रिडायरेक्ट प्रश्नचिन्हानंतरचं सगळं वाटेत टाकून देतात, तेव्हा यूटीएमही गेलं. तपासायला सोपं आहे. शेपूट असलेली लिंक उघडा आणि पान आल्यावर ॲड्रेस बारमध्ये शेपूट शिल्लक आहे का ते बघा.

बाकी किरकोळ शंका. एल.फेसबुक, एलएम.फेसबुक, एम.फेसबुक आणि साधं फेसबुक ही चार वेगळी ठिकाणं नाहीत. बाहेर जाणारी लिंक धोकादायक आहे का ते फेसबुक मधल्या पानावर तपासतं, आणि क्लिक करणाऱ्याचं प्रोफाइल तुम्हाला दिसू नये हाही त्याचा हेतू असतो. चारही ओळींची बेरीज करा. कॉम.गूगल.अँड्रॉइड.गूगलक्विकसर्चबॉक्स हे फोनवरचं गूगल ॲप. चॅटजीपीटी तर बऱ्याच लिंकना स्वतःच यूटीएम सोर्स जोडून पाठवतं. आणि गूगलवर लोकांनी काय शब्द टाकून शोधलं ते रेफररमध्ये २०११ पासून कमी कमी होत गेलं. त्यासाठी गूगलचं सर्च कन्सोलच उघडावं लागतं.

रेफरर नसल्यामुळे बंद पडणाऱ्या गोष्टी

हा भाग ॲनालिटिक्सचा नाही, पण मूळ तेच, आणि लोक याचा संबंध लावत नाहीत. सुरक्षेचं एखादं प्लगइन टाकलं, त्यात ‘रेफरर पॉलिसी’ला ‘नो-रेफरर’ निवडलं, आणि दुसऱ्या दिवशी लेखातले यूट्यूब व्हिडिओ ‘एरर १५३’ दाखवायला लागले. यूट्यूबच्या प्लेयरला आपण कुठल्या साइटवर बसलोय ते कळावं लागतं आणि ते त्याला रेफररमधूनच कळतं. गूगल मॅपची एपीआय की (नकाशा वापरायचा परवाना-क्रमांक) तुमच्या डोमेनपुरती मर्यादित केली असेल तर नकाशाही याच कारणाने रुसतो. ही एपीआय की ठरावीक पानाच्या पत्त्याला बांधली असेल तरी तेच होतं, कारण आता गूगलपर्यंत पान पोचतच नाही, फक्त डोमेन पोचतं; तेव्हा ती डोमेनलाच बांधा. व्हिडिओ आणि डोमेनला बांधलेली एपीआय की, दोन्हीवर औषध एकच, पॉलिसी ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ करा. म्हणजे ब्राउझरचं जे मुळात होतं तेच परत आणा.

दुसऱ्या साइटनी तुमची चित्रं थेट वापरू नयेत म्हणून असलेलं होस्टिंगमधलं ‘हॉटलिंक प्रोटेक्शन’ही रेफरर पाहूनच चित्रं अडवतं. ‘फोटो माझ्या लॅपटॉपवर दिसतात, पण काही वाचकांना दिसत नाहीत’ अशी तक्रार आली तर तिथे ‘अलाउ डायरेक्ट रिक्वेस्ट्स’ची खूण आहे का पाहा. रेफरर न पाठवणारा प्रामाणिक वाचक त्या खुणेअभावी दाराबाहेर राहतो, आणि चित्रं चोरणारा मात्र एका ओळीची आज्ञा देऊन तुमच्याच डोमेनचा रेफरर लावून घेऊन जातो. म्हणून लॉगिन, डाउनलोड, सदस्यांसाठीची पानं यांना कुलूप म्हणून रेफरर कधीच वापरू नये.

खोटेपणाचं सगळ्यात रंगतदार उदाहरण २०१४ ते २०१६ च्या काळातलं. युनिव्हर्सल ॲनालिटिक्सला साइटचा नुसता क्रमांक माहीत असला की बाहेरून भेटी ‘पाठवता’ यायच्या. साइटला कोणी शिवलेलंही नसायचं, आणि रिपोर्टमध्ये मात्र साइटसाठीची बटणं विकणाऱ्या नाहीतर एसईओ विकणाऱ्या डोमेनवरून शेकडो भेटी. मालकाने कुतूहलाने ते डोमेन उघडून पाहावं एवढाच उद्देश. जीए ४ मध्ये सर्व्हरकडून अशी नोंद पाठवायला गुप्त किल्ली लागते, म्हणून हा उपद्रव बराच कमी झाला, पण संपलेला नाही. अनोळखी रेफरल दिसलं तर ते डोमेन ब्राउझरमध्ये उघडू नका, आधी लॉगमध्ये शोधा. लॉगमध्ये त्या नावाची एकही ओळ नसेल तर भेट झालेलीच नाही. ओळ असेल, पण एकाच आयपीवरून, चित्रं-स्टाइल काहीही न मागता फक्त पान मागितलेलं असेल, तर तो बॉट आहे आणि त्याला सर्व्हरवरच अडवा.